उसाचं पाचट आणि बॉक्स्टरचा एसी

गाडी ऐंशीनं पळत असली की एसी गारेगार, आणि पुष्पराज चौकात सिग्नलला थांबली की थोड्याच वेळात नुसता गरम वारा. माझ्या गाडीचं दुखणं एवढ्या एका वाक्यात मावत होतं. तरी ते निस्तरायला अख्खा उन्हाळा गेला, कारण ज्याला सांगावं तो ‘एसी’ आणि ‘गरम’ एवढे दोनच शब्द ऐकायचा आणि निकाल द्यायचा, “गॅस कमी असणार. मारून घ्या.”

गाडी म्हणजे पोर्शे बॉक्स्टर, २००४ ची, २.७ लिटरची, हातानं गिअर टाकायची. मुंबईतल्या पहिल्या मालकाकडून फिरत फिरत माझ्याकडे आली. पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर आरटीओत तपासणी करून, हरित कर भरून नोंदणी वाढवून घेतलेली. सांगलीत अशी गाडी ठेवायची म्हणजे गतिरोधक तिरके घ्यायचे आणि पेट्रोल पंपावर प्रश्नोत्तरांना तयार राहायचं. “डिकी पुढं हाय व्हय?” पुढं आहे. “मग मागं इंजिन?” मागं पण डिकीच. “मग इंजिन कुठं ठेवलंय?” सीटच्या पाठीमागं, मधे. इथं समोरच्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पण या प्रश्नोत्तरांतच एसीची निम्मी गोष्ट आहे. कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, म्हणजे तो सीटच्या मागं. गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, म्हणजे कंडेन्सर, मात्र गाडीच्या नाकात, आणि एक नाही, दोन. पुढच्या बंपरला डावी-उजवीकडे जी दोन तोंडं दिसतात, त्यांच्या आत प्रत्येकी एक कंडेन्सर, त्याच्या मागं लागूनच एक रेडिएटर आणि त्याच्या मागं पंखा. नेहमीच्या गाडीत बॉनेट उघडलं की कंडेन्सरची जाळी समोर दिसते. इथं पुढचं झाकण उघडलं तर बॅग ठेवायची जागा दिसते. कंडेन्सर बघायचा तर बंपर उतरवायला लागतो, आणि बंपर उतरवायला कोणाला वेळ नसतो. त्यापेक्षा गॅस मारणं सोपं.

तसा तो मारूनही घेतला. दुकानाचं नाव घेत नाही, कारण आपल्याकडची बहुतेक दुकानं तेच करतात. दाब मोजायचं गेज लावायचं, लो साईडचा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, काटा बघायचा, डबा जोडायचा, डॅशबोर्डवर हवा येते त्या व्हेंटपुढं हात धरायचा, “आता बघा कसा गार येतोय”. सकाळच्या वेळी, सावलीत, तो येतोही. पैसे द्यायचे, आणि एप्रिलमधल्या दुपारी दीडला परत पहिले पाढे पंचावन्न. आधीच्या मालकानंही दर उन्हाळ्याला हेच केलं असावं, कारण कागदपत्रांच्या पिशवीत गॅस भरल्याच्या पावत्या होत्या, आणि किती ग्रॅम भरला हे एकाही पावतीवर नव्हतं.

मुळात एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तेवढाच गॅस त्याच नळ्यांतून वर्षानुवर्षं फिरत असतो. कॉम्प्रेसर तो दाबतो, कंडेन्सरमधे तो उष्णता बाहेर टाकून पातळ, म्हणजे द्रव, होतो, एक्स्पान्शन व्हॉल्वमधून दाब सुटला की कूलिंग कॉइलमधे उकळतो आणि उकळताना केबिनमधली उष्णता ओढून घेतो. जुन्या गाडीत रबरी होजमधून आणि जोडांतल्या रबरी कड्यांमधून, म्हणजे ओ-रिंगमधून, थोडा झिरपतो हे खरं, पण दरवर्षी भरायला लागत असेल तर कुठंतरी गळती आहे आणि ती शोधायला हवी.

बाहेर जायच्या आधी घरी काही गोष्टी बघून घेतल्या. स्वयंपाकघरातला काडीचा थर्मामीटर मधल्या व्हेंटमधे खुपसून ठेवला. चालत्या गाडीत ११ अंश, उभ्या गाडीत चढत चढत १९. केबिन फिल्टर पुढच्या डिकीत झाकणाखाली असतो, तो काढला. मी राहतो मार्केट यार्डापासून जवळ, त्यामुळं फिल्टर पिवळट करडा झालेला होता. बहुधा हळदीच्या धुळीची कृपा. तो बदलल्यावर वारा वाढला, वास गेला, पण थर्मामीटरचा आकडा हलला नाही.

मग एका वहीवर लिहून काढलं, काय असू शकतं आणि काय नाही. गरम-गार हवा मिसळणारा फ्लॅप नीट बंद होत नसेल तर हवा हायवेलाही गार यायला नको होती. कॉम्प्रेसर थकला असेल तर इंजिनचे फेरे वाढल्यावर फरक पडायला हवा होता; उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून बघितलं, फरक तर नाहीच, उलट जास्त गरम. म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांनी नाही, गाडीच्या वेगानं गारवा येत होता. गाडी पळाली की तोंडातून वारा घुसतो, थांबली की पंख्यावर भिस्त. संशयाचं बोट नाकाकडं वळलं ते इथं.

आणखी एक गोष्ट होती. सिग्नलला थांबलं की पुढचे पंखे अचानक मोठ्यानं घोंघावायला लागायचे, मग गप्प, मग परत. शेजारचा रिक्षावाला वाकून बघायचा. मला आधी वाटायचं, गाडी तापते म्हणून. पण पाण्याचा काटा जागचा हलत नव्हता. एसीच्या हाय साईडचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढच्या जास्त दाबाच्या बाजूचा, दाब फार वाढला की याच पंख्यांना मोठ्या वेगानं फिरायचा हुकूम जातो. म्हणजे पंखे इंजिनसाठी नाही, एसीसाठी ओरडत होते.

एका मित्रानं मिरजेच्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. हा माणूस गाड्यांचा नव्हेच. तासगाव-कवठेमहांकाळ भागातली बेदाण्याची कोल्ड स्टोरेज सांभाळणं हा त्यांचा मुख्य धंदा, गाड्यांचे एसी रिकाम्या वेळेत. गाडी बघून त्यांनी पहिला प्रश्न गॅसचा विचारला नाही. “ह्याचा कंडेन्सर कुठं हाय?” मी बंपरच्या तोंडाकडे बोट केलं. त्यांनी गुडघ्यावर बसून मोबाइलची बॅटरी आत मारली, जाळीतून काहीतरी काडीनं उचकटून बाहेर काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. उसाचं वाळलेलं पान.

“कुठनं जाता-येता तुम्ही?”

आष्ट्याकडून. पेठ नाक्याला हायवेला लागायचं तर तोच रस्ता, आणि गळीत हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग असते. पाचट उडत असतं, कारखान्याजवळ बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, भुसा हवेत तरंगत असतो, जळीत उसाची काजळी वर. बॉक्स्टरचं नाक जमिनीपासून वीतभर. व्हॅक्यूम क्लीनर घेऊन त्या रस्त्यानं गेल्यासारखंच आहे ते.

तरी त्यांनी लगेच बंपरला हात घातला नाही. गेज लावले, गाडी चालू करून एसी पूर्ण सोडला, दारं उघडी ठेवली. दुकानाबाहेर त्या वेळी ३८ अंश होतं. लो साईडला ५५ पौंड, हाय साईडला ३४० च्या आसपास. दाबाच्या पीएसआय या मापाला आमच्याकडं सगळे पौंडच म्हणतात. या एसीतला गॅस म्हणजे आर-१३४ए, त्यात दाब आणि तापमान एकमेकांशी बांधलेलं असतं, म्हणून हे आकडे वाचता येतात. हाय साईडला ३४० म्हणजे कंडेन्सरमधे गॅस ७५ अंशाच्याही पुढं पातळ होतोय; चांगल्या गाडीत एवढ्या उन्हात तो साठ-बासष्टला व्हायला हवा. लो साईडला ५५ म्हणजे कूलिंग कॉइल १५ अंशावर. कॉइलच १५ वर असेल तर व्हेंटमधून १९ येणार, त्यात नवल काय?

गॅस कमी असता तर दोन्ही काटे खाली असते. इथं दोन्ही वर.

मग त्यांनी बारक्याला नळाची पाइप आणायला सांगितली. बंपरच्या उजव्या तोंडात पाणी, मग डाव्या तोंडात, मग परत उजव्या. जोरात नाही, झाडाला घालतात तसं. मी थर्मामीटर धरून आत बसलो होतो. हाय साईडचा काटा बघता बघता २२० वर आला, लो साईड पस्तिसावर, आणि व्हेंटमधे १९, १६, १३, ११. पाइप बाजूला केली. काटा परत चढायला लागला. सगळा खेळ पाच-सात मिनिटांचा आणि खर्च शून्य. एसीची तक्रार घेऊन कुणी आलं तर ही पाण्याची परीक्षा आधी करा, गेज नसले तरी करा. पाणी मारल्यावर हवा गार होत असेल तर कॉम्प्रेसरच्या नावानं कुणी मोठं बिल काढायच्या आत त्याला थांबवता येतं.

“थंडी आत येत नसती साहेब,” मिस्त्री हात पुसत म्हणाले. “आतलं ऊन भाईर जात असतं. भाईरचा रस्ता बंद असल्यावर गॅस तरी काय करंल?”

पंख्यांची तपासणी त्यातच झाली. एसी चालू केला की दोन्ही पंखे आधी हळू वेगानं फिरायला हवेत. डावा फिरत होता, उजवा स्वस्थ. दाब वाढून मोठा वेग लागला की मात्र उजवाही फिरायचा, म्हणजे मोटर चांगली. हळू वेगासाठी एक रेझिस्टर, म्हणजे वीज थोडी अडवणारा भाग, असतो, त्याच्यातून वीज गेली की तो तापतो, आणि वीस वर्षं धूळ-पाणी खाऊन तो तुटतो. उजव्या बाजूचा तुटला होता. सुटा भाग छोटासा, पण बसवलाय अशा ठिकाणी की बंपर आणि चाकाच्या आतलं प्लॅस्टिक काढल्याशिवाय हात पोचत नाही. बंपर तर काढायचाच होता.

बंपर काढायला अवघड नाही, फक्त स्क्रू लपवलेले आहेत. काही वर झाकणाच्या कडेला, काही चाकाच्या कमानीत, काही खालून. शेवटचा स्क्रू निघाला आणि आम्ही तिघांनी तो अलगद पुढं ओढला. उजव्या तोंडात जे होतं त्याला कचरा म्हणणं कमीपणाचं होईल. पाचटाची पानं एकमेकांत विणली गेली होती, मधे बगॅसची भुकटी दाबून बसलेली, त्यात पिंपळाची जाळी पडलेली पानं, पतंगाचा कागद, कोंबडीची दोन पिसं, गुटख्याच्या पुडीचा चंदेरी तुकडा आणि किड्यांचे पंख. खालच्या कोपऱ्यात हे सगळं भिजून वाळून भिजून पुठ्ठ्यासारखं झालेलं. बारक्यानं ते एका तुकड्यात उचलून काढलं आणि उलटं धरलं, तर कंडेन्सरच्या जाळीचा ठसा त्याच्यावर उठलेला. ओलं झाल्यावर वास मात्र गुऱ्हाळाच्या मागच्या बाजूला येतो तसा, आंबूस-गोड.

आणि हा झाला फक्त बाहेरचा थर. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधे बोटभर फट असते. बाहेरून कितीही धुतलं तरी त्या फटीतलं निघत नाही, उलट प्रेशर वॉशरनं ते आणखी आत जातं. कंडेन्सर पुढं झुकवला तेव्हा ती फट खालून निम्म्यापर्यंत मातीनं आणि भुशानं भरलेली दिसली. गाडी धुवायच्या ठिकाणी दर महिन्याला “पुढनं चांगलं मारा” असं सांगून जो फवारा बसत होता, त्यानं पिनाही आडव्या झोपवल्या होत्या. या पिना म्हणजे कागदासारख्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. त्या झोपल्या की वारा अडतो. मिस्त्रींनी प्रेशर वॉशर बाजूला ठेवून साधा नळ, थोडं साबणपाणी आणि रंगाचा मऊ ब्रश घेतला. पाणी आतून बाहेर, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं परत. मग पिना कंगव्यानं उभ्या करणं. होय, त्यासाठी बारीक दातांचा खास कंगवा मिळतो, आणि ते काम बारक्याला दिलं गेलं. त्यानं कानात गाणी लावून अर्धी दुपार त्यात घालवली.

डावा कंडेन्सर धुवून निघाला. उजव्याचा खालचा कोपरा मात्र ब्रश लागला तसा भुकटी होऊन पडला. ओला कचरा पावसाळ्या-पावसाळ्यांना चिकटून राहिल्यानं ॲल्युमिनियम सडलं होतं, आणि तिथंच बोटभर तेलकट काळा डाग. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, गळतीच्या जागी ते बाहेर पडतं आणि धूळ धरतं. साबणाचा फेस लावल्यावर डोळ्यांत तेल घालून बघावं लागलं. एक बारीक बुडबुडा, मग बराच वेळानं दुसरा. आधीच्या मालकाच्या पावत्यांचा उलगडा झाला. गळती खरी होती, फक्त इतकी हळू की तिनं एका उन्हाळ्यात एसी बंद पडला नसता. आणि दरवेळी अंदाजानं भरलेला गॅस गळणाऱ्या गॅसपेक्षा जास्त होता. मिस्त्रींनी मग आतला सगळा गॅस मशीननं काढून रिकाम्या सिलिंडरमधे घेतला, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून. गाडीच्या स्टिकरवर जितका छापलाय त्याच्यापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त निघाला. जास्तीचा गॅस पातळ होऊन कंडेन्सरमधेच जागा अडवतो, त्यामुळं दाब आणखी चढतो. आधीच निम्मा बंद असलेल्या कंडेन्सरवर हा दुसरा घाव.

गॅस सिलिंडरमधे काढून घेतात हे मी गाडीच्या एसीला पहिल्यांदाच बघत होतो. एरवी व्हॉल्वची पिन दाबून फुस्स करून हवेत सोडून देतात. एक किलो आर-१३४ए हवेत सोडला तर तो शंभर वर्षांच्या हिशोबानं १४०० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. २०१६ च्या किगाली करारात जे वायू टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरलं, त्यात हा आहे. मिस्त्रींचं कारण याहून साधं होतं: “वजन केल्याबिगर कळणार कसं किती हुता?”

सडलेला कोपरा ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करून चालेल का, असं मी विचारलं. कुपवाडच्या एमआयडीसीत ते काम करणारे चांगले हात आहेत. पण या कंडेन्सरच्या चपट्या नळ्यांत आत सुईएवढे बारीक मार्ग असतात, वेल्डिंग करताना तेच बुजतात. नवा मागवला. कंपनीचाच हवा असा हट्ट धरला नाही, बाहेरच्या बनावटीचा घेतला. तो यायला वेळ लागला, गाडी तोवर तोंड काढलेल्या अवस्थेत मिस्त्रींच्या शेडमधे उभी, आणि येणारा-जाणारा “अपघात झाला काय वो?” विचारून जायचा.

पार्ट आल्यावरचं काम फार झपाट्यानं झालं, पण त्यातली एकही पायरी गाळली गेली नाही म्हणून सांगतो. सगळ्या उघडलेल्या जोडांना नव्या ओ-रिंगा, त्यांना एसीचंच तेल लावून. सिस्टीम उघडी राहिली की ड्रायर बदलायचाच, कारण तो हवेतली ओल पिऊन बसतो. मग नायट्रोजन भरून दाब धरतो का ते बघणं. लंच झाल्यावर काटा जागेवर होता. मग व्हॅक्यूम पंप, अर्ध्या तासाहून जास्त, कारण आत पाण्याचा अंश राहिला तर एक्स्पान्शन व्हॉल्वच्या तोंडाशी त्याचा बर्फ होतो. आणि शेवटी गॅस, काट्यावर मोजून, स्टिकरवरच्या आकड्याला थांबवून.

गॅस भरायच्या आधी त्यांनी नव्या सिलिंडरलाच गेज लावला. सावलीत ३० अंश असताना शुद्ध आर-१३४ए चा दाब ९७ पौंडांच्या आसपास असायला हवा. बाजारात भेसळीचा गॅस येतो, त्याचा दाब या तक्त्याशी जुळत नाही. जुळला. गाडी बंद असतानाचा हा दाब ‘गॅस किती आहे’ ते सांगत नाही, कारण आत थोडा जरी पातळ गॅस असेल तरी दाब तापमानाप्रमाणंच दिसतो. बंद गाडीला गेज लावून “गॅस फुल्ल हाय” म्हणणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

नवा रेझिस्टर बसवून दोन्ही पंखे हळू वेगानं फिरताना बघितले आणि मग बंपर चढवला.

त्यानंतरच्या आठवड्यात सांगलीत चाळिशी गाठली होती. भर दुपारी विश्रामबागच्या सिग्नलला व्हेंटमधे १२, हायवेला ८. मिस्त्रींकडं परत गेज लावले तेव्हा हाय साईड २४०, लो साईड ३० वर स्थिर. पंख्यांची ओरड थांबली. या गाडीला काळं कापडी छत आहे आणि आतली कातडी सीटंही काळी, त्यामुळं उन्हात उभी केलेली गाडी एका मिनिटात गार होईल ही आशा सोडून द्यावी. मी छत अर्ध्या मिनिटासाठी उघडतो, आतली तापलेली हवा जाऊ देतो, मग बंद करून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबतो. व्हेंटमधून अधूनमधून काळ्या स्पंजचे कण येतात, म्हणजे फ्लॅपवरचा फोम गळायला लागलाय. त्याच्यासाठी डॅशबोर्ड उघडावा लागेल. तूर्त नाही.

बंपरच्या दोन्ही तोंडांना आतून स्टीलची जाळी बसवून घेतली. पहिली जाळी मच्छरदाणीइतकी बारीक निघाली, तिनं वाराच अडला आणि हाय साईड वीस-पंचवीस पौंडांनी चढली. आता आहे ती करंगळीच्या नखाएवढ्या भोकांची. भुसा तिच्यातून जातो, पाचट अडतं. गळीत हंगाम चालू आहे तोवर आष्ट्याकडून आलो की गाडी बंद करायच्या आधी खाली वाकून हातानं ते ओढून काढतो, आणि मार्चमधे कारखाने थांबले की बंपर उतरवून मधली फट धुवायची, असं मिस्त्रींशी ठरलंय.